काडी फुटण्याची वेळ

मी खोटं लिहिलं होतं, आणि ते फार सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पट्टीने आखलेल्या आठ ओळी होत्या आणि आठही ओळींत वीस मिनिटं. फक्त पाचव्या ओळीत एकोणीस. खरं वाटावं म्हणून.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. मी यवतमाळला विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होतो. आपल्या महाविद्यालयांत जर्नल नावाची एक वही असते. वर्षभरातले प्रयोग तिच्यात लिहायचे, प्रत्येक प्रयोगाखाली डेमॉन्स्ट्रेटरची सही घ्यायची. एक जरी सही राहिली तरी पहिल्या पानावरच्या दाखल्यावर शिक्का बसत नाही आणि विद्यार्थ्याला परीक्षेला बसता येत नाही. म्हणून या वहीत मुलं काय पाहिलं ते लिहीत नाहीत, सही मिळेल ते लिहितात. त्यासाठी मी त्यांना नावं ठेवत असे. मोठ्याने, व्हरांड्यात, दहा जण ऐकतील असं.

मी वाचायला शिकलो तोच मुळी पत्रकांवर. मामांचा पांढरकवड्याला पायाने चालवायचा छापखाना होता. छप्पन साली आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वेगळा विदर्भ हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही मामांकडेच पत्रकं छापून घेत. बिघडलेले कागद घरी येत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो, पण आधी छापील बाजू वाचून काढायचो. त्यातून माझी अशी समजूत झाली की खऱ्या गोष्टीच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच.

कॉलेजात आल्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. पाणी उकळून प्या, असं सांगणारं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जिवाणूंच्या धड्यात एक वाक्य होतं, की अनुकूल स्थितीत एका पेशीच्या सुमारे वीस मिनिटांत दोन होतात. यातले ‘अनुकूल स्थितीत’ आणि ‘सुमारे’ हे शब्द मी गाळले. पत्रकाला ते जड जातात. मग मी हिशेब मांडला. सकाळी सहाला विहिरीत एक जंतू पडला तर संध्याकाळी सहाला अडुसष्ट अब्ज एकाहत्तर कोटी चौऱ्याण्णव लाख शहात्तर हजार सातशे छत्तीस! शेवटचे छत्तीसही मी सोडले नाहीत. मामांनी तो आकडा शिशाच्या ठळक खिळ्यांत जुळवला. बाजाराच्या चौकात, बसथांब्यावर, धर्मशाळेच्या भिंतीवर मी स्वतः खळ लावून ते चिकटवलं.

आणि महिन्याभराने तोच प्रयोग आमच्या वाट्याला आला.

प्रयोग दोघांनी मिळून करायचा होता. माझा जोडीदार आर्णीकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता त्याच्या घरी कापसाची शेती होती आणि शिकायला आलेला तो पहिलाच. तो फार बोलत नसे. बोलला की बहुधा माझी टोपी उडवत असे.

ज्वारीचा कडबा बारीक चिरून उकळायचा आणि तो काढा दोन दिवस झाकून ठेवायचा. वर पातळ साय धरते. ती साय म्हणजे निव्वळ जिवाणू. सुईच्या टोकाएवढी साय नव्या काढ्यात ढवळायची, त्याचा थेंब काचेवर गोठवलेल्या अगर नावाच्या जेलीच्या पातळ थरावर ठेवायचा, वरून झाकणकाच, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकच जिवाणू धरून त्याचे दोन कधी होतात ते घड्याळ लावून पाहायचं. दिसायला ते बारीक काड्यांसारखे. आम्ही त्यांना काड्याच म्हणत असू. वरच्या भिंगात मोजायला रेघा कोरलेल्या होत्या. उजेड खिडकीतल्या उन्हाचा. ऊन सरकलं की आरसा फिरवावा लागे.

पहिल्या दिवशी मी भिंगाला डोळा लावून बसलो. वीस मिनिटं झाली. काडी ढिम्म. चाळीस झाली. मी पाय हलवत होतो, बोटं मोडत होतो, दर मिनिटाला मनगटावरचं घड्याळ बघत होतो.

“मेली वाटते,” मी म्हणालो.

“मेली नाई बावा. आताच आली थे. नवं घर पाहून राह्यली,” जोडीदार म्हणाला. “तुह्यं पत्रक वाचलं नसन तिनं.”

मला बसवेना. पिण्याच्या पाण्याच्या हौदाला झाकण बसवावं म्हणून नगरपालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या घ्यायच्या होत्या. मी उठलो.

“काहून रे पुढारी, कुठं चालला?”

“सह्या घ्याले. तू पाह्य. फुटली का टाइम लिहून ठेव.”

“अन् तुह्या वहीत?”

“थे मी पाहतो.”

असं चार दिवस चाललं. तो पाहत होता आणि मी फिरत होतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खोलीवर बसून मी तक्ता आखला. त्याचे आकडे मागितलेही नाहीत. वीस मिनिटं मी चौकात छापून बसलो होतो. वहीत दुसरं काय लिहिणार?

सह्यांच्या दिवशी डेमॉन्स्ट्रेटर सर आमच्या टेबलाशी आले. सर नागपूरचे, आमच्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे, हातात कायम लाल पेन्सिल. माझी वही त्यांनी उचलून सगळ्यांना दाखवली. “निरीक्षण असं लिहितात.” मग त्याची वही उघडली आणि थांबले.

“पंचाहत्तर मिनिटं? बहात्तर? अठ्ठ्याहत्तर? पुस्तकात वीस. तुझ्या जोडीदाराचे वीस. तुझ्यासाठीच काडी थांबते का रे?”

मागून कुणीतरी म्हणालं, “सर, थे बैलावर बसून आली असन!”

वर्ग हसला. सर गालात हसले. मीही हसलो. हे लिहिलंच पाहिजे. मी हसलो.

“ही झोप काढून लिहिलेली वही आहे,” सर म्हणाले. “होळीनंतर दाखले भरायचे आहेत. तोवर नीट आकडे आण, नाहीतर परीक्षेला विसर.” सही न करता त्यांनी वही मिटली. माझ्या वहीवरची सहीही राहिली, कारण तेवढ्यात तासाची घंटा झाली.

बाहेर कडुनिंबाखाली तो वही काखेत धरून उभा होता. नीट आकडे म्हणजे कोणते ते त्याला कळलं होतं. पानभर खोडून वीस-वीस लिहिलं की संपलं. गेल्या वर्षी पाय मोडून त्याची परीक्षा हुकली होती. यंदा हुकली तर परत तांड्यावर, असं बापाने त्याला निरोप पाठवून सांगितलं होतं. हे मला माहीत होतं.

“मी पत्रक काढतो,” मी म्हणालो. “वर्गात जातीवरून हसतात म्हणजे काय? उद्याच्या उद्या छापतो!”

“माह्यं नाव चौकात चिकटवतं का आता?” तो म्हणाला. “पत्रक नको. तू फक्त सरले सांग, का तू तिथं नव्हता.”

मी चपलेने कडुनिंबाचा वाळका पाला उकरू लागलो.

“एवढं एक वाक्य होये बावा. खळ बी नाई लागत त्याले.”

दोन दिवस मी ते वाक्य घेऊन फिरलो. बसथांब्यापर्यंत जायचो, परत यायचो. भिंतीवर माझंच पत्रक. अडुसष्ट अब्ज. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन सरांना सांगितलं की माझे आकडे बनावट आहेत, मी पाहिलंच नाही, त्याने पाहिलं.

सरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग ते हसले, आणि ते हसू मायेचं होतं, हे जास्त वाईट.

“तुम्ही चळवळीवाले,” ते म्हणाले. “दोस्तासाठी फासावर जायला तयार. खोट्याची वही एवढी नीटस नसते, बाबा. जा.”

“सर, खरंच सांगतो.”

“मग करून दाखव. त्याचे पंचाहत्तर मला दाखव. तोवर दोघांच्याही वह्या माझ्याकडे.”

करून दाखवणं जमेपर्यंत मार्च उजाडला. मधे चाचणी परीक्षा झाली, सूक्ष्मदर्शक दुसऱ्या वर्गाकडे गेला. तो परत मिळाला तेव्हा प्रयोगशाळेचा पत्रा दुपारी तापून टकटक वाजत होता. मी नवा काढा उकळला, काच बसवली, एक काडी धरली आणि ठरवलं की आता उठायचं नाही.

न उठणं किती कठीण असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळा भरून येई. कुणीतरी व्हरांड्यात वाद घालत असे आणि मला त्यात दोन वाक्यं टाकावीशी वाटत. पण काडी वाढत होती. जाड होत नव्हती, फक्त लांब होत होती. चार रेघांची पाच झाली, सहा, सात. मग मधोमध एक फिकट रेघ, असल्या-नसल्यासारखी. मग तिथे काडी किंचित वाकली, आणि मला कळलं की आता या दोन आहेत.

घड्याळ पाहिलं. सव्वीस मिनिटं.

पुढची अठ्ठावीस. त्यापुढची पुन्हा सव्वीस.

माझं खोटं खरं होत चाललं होतं. हे आकडे सरांपुढे ठेवले की जोडीदार कायमचा बुडाला.

तो आला तेव्हा मी कागद पुढे सरकवला. त्याने वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मी विसरणार नाही.

“पुन्हा खोलीवर बसून लिहिलं का रे?”

“नाही. बस इथं. तूच पाह्य.”

तो बसला. मी घड्याळ त्याच्या हातात दिलं आणि लांब जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाच्या आत त्याने मान वर केली. चेहरा उतरला होता.

“फुटली,” तो म्हणाला. “म्हंजे मी खोटा?”

“तू जानेवारीत खरंच पाहिलं ना?”

“डोये फुटेपर्यंत पाह्यलं!” तो प्रथमच माझ्यावर ओरडला. मग पुन्हा भिंगाकडे वाकला. “किती रेघांची असताना फुटली तुह्यी?”

मी कागद पाहिला. रेघा मी सवयीने टिपल्या होत्या, त्यांचं काय करायचं ते माहीत नव्हतं. “आठ. ही आठ. ही साडेसात.”

त्याने खिशातून घड्या घातलेले कागद काढले. वही सरांकडे होती, पण जानेवारीतली कच्ची टिपणं त्याने जपून ठेवली होती. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळापर्यंत जाऊन यायला लागे, म्हणून मधल्या वेळात तो काडीची लांबी लिहीत बसे. फुटतानाच्या लांब्या ओळीने होत्या: आठ, आठ, साडेसात, आठ, साडेआठ.

आम्ही ते दोन कागद शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. मिनिटं तिप्पट, पण लांबी तीच.

“थंडी,” मी म्हणालो. “जानेवारीत इथं हात गारठत होते. थंडीत ती सावकाश वाढते. पण लहान असताना फुटत नाही. वाढून होईपर्यंत थांबते.”

“म्हंजे घड्याळ तिले समजतच नाई,” तो म्हणाला. मग कागदांची घडी घालत, “तांडा बी असाच फुटते. इतके वर्स झाले म्हून नाई फुटत. माणसं वाढली, चारा पुरेना, का मंग फुटते. अन् थे बी दुसरा नायक उभा राह्यल्याबिगर नाई. आधी दोन नायक, मंग दोन तांडे.”

मी पुढे पुस्तकं चाळली, तेव्हा काहीसं असंच वाचायला मिळालं. काडीच्या आत वारशाचा एक लांबच लांब धागा असतो. आधी त्याची नक्कल तयार होते, दोन धागे दोन बाजूंना जातात, आणि मग मधल्या जागी भिंतीची कड चहूबाजूंनी आत वाढू लागते. मधलं भोक लहान होत होत बुजतं. ती भिंत उभी दुभंगते आणि दोन काड्या सुट्या होतात. पण आपण पुरेशा लांब झालो हे काडीला कोण सांगतं, भिंत बरोबर मधेच कशी येते, हे त्या पुस्तकांत नव्हतं. मला त्या न सापडलेल्या उत्तराने तेव्हा फार छळलं. अजूनही छळतं.

सरांना दाखवायला आता गारवा हवा होता. मार्चात तो कुठून आणणार? जोडीदाराने दोन गोणपाटं भिजवून खिडकीत टांगली. आम्ही पहाट फुटताच शिपायाकडून खोली उघडून घेऊ लागलो. खिळ्याला तापमापक अडकवला. सकाळी गोणपाटामागे पारा बराच खाली असे, आणि काडीला पंचावन्न मिनिटं लागत. एकदा साठ. ऊन चढलं की चाळीस. दुपारी सव्वीस. लांबी आपली आठच्या आसपास. आळीपाळीने बसायचो. त्याची पाळी असली की मी पोटावर हात बांधून गप्प उभा राहायचो. तो म्हणायचा, “पुढारी, पाय हालवू नको, टेबल हालते.”

शेवटच्या दिवशी दुपारभर त्याला रसायनाचं राहिलेलं प्रात्यक्षिक पुरं करायचं होतं. मी एकटाच होतो. काच सकाळपासून तीच होती. एकीच्या इतक्या काड्या झाल्या होत्या की त्या एकमेकींना चिकटून थर झाला होता. कडेची एक सुटी काडी मी धरली. बारा वाजले होते. एक वाजला, ती सात रेघांची. दोन वाजले, सातच. तीन वाजले. पत्रा टकटक करत होता, पारा चढलेला, सगळं इतर दुपारींसारखं, आणि काडी काही हलेना.

तक्त्यात एकच ओळ रिकामी होती. तिथे ‘आठ, सव्वीस’ लिहिलं असतं तर पान पुरं झालं असतं. खोलीत कुणी नव्हतं. मी खरं सांगतो, लेखणी उचलली होती. इतकं सगळं होऊनही. माणूस किती लवकर आपल्या जुन्या सवयीकडे वळतो, याची मला तेव्हा भीती वाटली. चारची घंटा झाली. मी लिहिलं: ‘सात रेघा. चार तास. फुटली नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सरांपुढे उभे राहिलो. त्यांनी त्याची जानेवारीतली वही एका बाजूला उघडली, आमचा नवा तक्ता दुसऱ्या बाजूला. लाल पेन्सिल ओळीवरून खाली येत होती. पाऱ्याचा रकाना, मिनिटांचा, लांबीचा. जोडीदाराने हात मागे धरले होते आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट दाबलं होतं.

पेन्सिल शेवटच्या ओळीवर थांबली.

“हे काय?”

“फुटली नाही, सर.”

“चार तास तू काय करत होतास?”

“पाहत होतो.”

“तू?” ते म्हणाले. जोडीदार खोकला. ते हसू दाबणारं खोकणं होतं हे मला कळलं.

सरांनी खुर्चीतून उठून खिडकीतली ओली गोणपाटं पाहिली, तापमापक पाहिला, पुन्हा येऊन बसले. माझ्या जुन्या वहीतलं ते देखणं पान उघडून त्यांनी त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली. पेन्सिल कागदात रुतली होती. मग विचारलं, “का नाही फुटली?”

मला त्या क्षणी तीन कारणं सुचली होती. अन्न संपलं असेल, जागा उरली नसेल, अगरचा थर वाळला असेल. तिन्ही मी ठासून सांगू शकलो असतो आणि त्यांपैकी कुठलंही छापायला मागेपुढे पाहिलं नसतं.

“माहीत नाही, सर,” मी म्हणालो.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, खिशातलं पेन काढलं, आणि आधी त्याच्या वहीवर सही केली.